लेकॉक गावातले पब आणि स्थानिक इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, रेडिंग, स्विंडन, ब्रिस्टल भागात राहणारे मराठी लोक आणि त्यांच्याकडे सुट्टीला येणारे आईवडील, पाहुणे, सगळ्यांना एकदा तरी "खरं इंग्लिश खेडं" बघायचं असतं. बहुतेकांच्या वाट्याला येतं ते असं : बस थांबते, तासाभरात फोटो होतात, आइस्क्रीम खाल्लं जातं आणि बस निघते. विल्टशर काउंटीतलं लेकॉक त्यापेक्षा सावकाश कसं बघायचं, याची ही माहिती.

लेकॉकच का? इंग्लंडात जुनी गावं पुष्कळ आहेत.

तीन कारणं आहेत. गाव मुळात चार रस्त्यांचं आहे, हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट. चारही रस्ते मिळून एक चौकोन होतो आणि पाच-सात मिनिटांच्या चालण्यात चार जुन्या खानावळी-पब लागतात. दुसरं, या काउंटीचं दफ्तरखाना म्हणता येईल असं अभिलेखागार इथून जेमतेम ३ मैलांवर, चिपेनहॅम स्टेशनच्या शेजारी आहे. सकाळी कागद आणि दुपारी प्रत्यक्ष इमारत, असं इतक्या सहज फार थोड्या ठिकाणी जमतं.

तिसरं कारण मालकीचं. १३ व्या शतकापासून १५३९ पर्यंत गाव जोगिणींच्या मठाचं होतं, नंतर शॅरिंग्टन आणि त्यांच्या नात्यातल्या टॅल्बट घराण्याचं, आणि १९४४ मध्ये मटिल्डा टॅल्बट यांनी मठ आणि गाव दोन्ही नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुना वारसा जपणाऱ्या संस्थेला, दिलं. जवळजवळ सगळी घरं सतत एकाच मालकाची राहिल्यामुळे प्रत्येकाने आपलं घर पाडून मनासारखं बांधलं, असं झालं नाही. त्यात १८४१ मध्ये रेल्वे आली ती चिपेनहॅमला, लेकॉकला नाही. पैसा बाजूने निघून गेला आणि गाव आहे तसं राहिलं. जुनी गावं टिकतात ती बहुधा प्रेमामुळे नाही, पैसे नसल्यामुळे.

कसं जायचं?

लंडनच्या पॅडिंग्टनहून चिपेनहॅमला थेट गाडी आहे, साधारण सव्वा तास. स्विंडन आणि बाथहून पंधरा मिनिटांच्या आसपास. स्टेशनातली घोषणा कानाला "चिपनम" अशी ऐकू येते, त्यामुळे नवख्या माणसाचं स्टेशन चुकतं. तिथून मेल्कशमच्या दिशेने जाणारी बस लेकॉकला थांबते. रविवारी आणि बँक हॉलिडेला बस फार कमी असते किंवा नसते, म्हणून परतीची शेवटची बस आदल्या दिवशीच बघून ठेवा. स्टेशनवरून टॅक्सी मिळते, पण गावात उभी राहून मिळत नाही. परतीची जातानाच ठरवून टाका.

गाडीने आलात तर गावाबाहेरच्या नॅशनल ट्रस्टच्या वाहनतळावरच लावा. गावातल्या रस्त्यांवर पिवळ्या रेषा दिसत नाहीत म्हणून तिथे गाडी लावायला हरकत नाही, असा समज करून घेऊ नका. गावाचं रूप जपायचं म्हणून त्या रेषा नाहीत. विजेच्या आणि फोनच्या ताराही त्याच कारणाने डोक्यावर दिसत नाहीत.

कोणत्या दिवशी जावं आणि किती वेळ लागतो?

पूर्ण दिवस ठेवा. आठवड्यातला मधला दिवस उत्तम. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ११ ते ४ गर्दी असते, कारण इथे सिनेमा-मालिकांचं चित्रीकरण बरंच झालं आहे आणि त्या जागा शोधत लोक येतात. ९ च्या आधी किंवा ५ नंतर गाव रिकामं असतं.

गोंधळ होतो तो जेवणाच्या वेळेचा. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दिवसभर चालू नसतं. दुपारी साधारण १२ ते २-२:३० आणि संध्याकाळी ६ ते ९, मध्ये फक्त पेयं आणि फार तर वेफर्स. आपल्याकडच्या सवयीने अडीच-तीनला जेवायला गेलात तर उपाशी राहाल. रविवारी दुपारी रोस्टचं जेवण असतं, त्याला आधी टेबल राखून ठेवावं लागतं, आणि त्या संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. काही पब सोमवारी उघडतच नाहीत. फोन करून विचारणं सगळ्यात खात्रीचं.

गावाचा इतिहास थोडक्यात सांगाल का?

एला ही सॉल्झबरीची काउंटेस, स्वतःच्या हक्काने. नवरा विल्यम लाँगेस्पे १२२६ मध्ये वारला. दुसरं लग्न न करता तिने १२३२ मध्ये लेकॉकचा मठ स्थापला, पुढे स्वतः तिथली मठाधिपती झाली. विल्टशरची शेरीफ म्हणूनही तिने काम पाहिलं, त्या काळी हे पद बाईकडे असणं अगदी विरळा. मॅग्ना कार्टा म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, तिच्या १२२५ च्या आवृत्तीची एक प्रत या मठात शतकानुशतकं होती. आता ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

गावाला बाजाराचा हक्क मिळाला आणि लोकरीच्या धंद्यावर ते पोसलं गेलं. रुंद हाय स्ट्रीट हा त्या बाजाराचाच अवशेष. लंडन-बाथ-ब्रिस्टल या बाजूची वाहतूक इथून जायची, म्हणून एवढ्याशा गावात एवढ्या खानावळी. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला. विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेतला, मठातलं चर्च पाडलं, पण मठाच्या कमानदार ओवऱ्या ठेवल्या आणि वर राहण्याचा वाडा केला. त्या ओवऱ्या आजही धडधाकट आहेत. मठ बघायला तिकीट लागतं, गावात फिरायला नाही.

फिरण्याचा क्रम कसा ठेवावा?

सकाळी लवकर पोहोचलात तर आधी सेंट सिरिअॅकचं चर्च. तिथे पितळी पत्र्यावर कोरलेलं रॉबर्ट बेनर्डचं १५०१ सालचं स्मारक आहे, त्यात बायको आणि १८ मुलंही कोरलेली आहेत. विल्यम शॅरिंग्टनची कोरीव दगडी कबरही याच चर्चमध्ये. मग ओढ्याकडे उतरा, तिथे जुना अरुंद पूल आणि पाण्यातून गाडी नेण्याची वाट आहे. परत येऊन चर्च स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, हाय स्ट्रीट या क्रमाने चौकोन पूर्ण करा. हाय स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १४ व्या शतकातलं धान्याचं मोठं कोठार आहे. पिकाचा दहावा हिस्सा मठाला द्यावा लागायचा, तो इथे जमा व्हायचा. आत शिरून मान वर करा, छताची लाकडं हीच बघण्याची गोष्ट. शेजारची बिनखिडकीची छोटी दगडी खोली म्हणजे गावची कोठडी. रात्री पिऊन दंगा करणाऱ्याला सकाळपर्यंत इथे डांबत. पबपासून ती किती पावलांवर आहे, हे मोजून बघायला हरकत नाही.

मठ आणि फोटोग्राफीचं संग्रहालय दुपारच्या जेवणानंतर ठेवा. पाऊस आला तरी ते दोन-अडीच तास वाया जात नाहीत.

गावात नेमके कोणते पब आहेत?

वेस्ट स्ट्रीटवर जॉर्ज इन. हाय स्ट्रीटवर रेड लायन. चर्च स्ट्रीटवर कारपेंटर्स आर्म्स आणि साइन ऑफ द एंजल. शेवटचं पब कमी आणि राहण्या-जेवण्याचं ठिकाण जास्त. इमारत १५ व्या शतकातली आहे आणि तिच्या दारातून आत जाणारा बोळ घोडा नेता येईल इतका रुंद आहे. जेवायला टेबल राखून जावं.

नुसतं बसून एक पेला घ्यायचा तर जॉर्ज. खोल्या ठेंगण्या, तुळया डोक्याला लागतील अशा, आणि मोठी चूल. रेड लायन मोकळा आहे, लोक जास्त असतील तर बरा. चौघांमध्ये जॉर्ज आधी बघा, कारण त्यात अशी एक वस्तू आहे जी इंग्लंडात फार थोड्या ठिकाणी जागेवर उरली आहे.

ती वस्तू म्हणजे कुत्र्याचं चाक का? ते कसं चालायचं?

हो. चुलीपाशी भिंतीत लाकडी पिंजऱ्यासारखं एक चाक आहे. त्यात आखूड पायांचा, लांब अंगाचा कुत्रा ठेवत. तो चालू लागला की चाक फिरायचं, पट्ट्याने किंवा साखळीने ती गती चुलीसमोरच्या आडव्या सळईला मिळायची आणि सळईला लावलेला मांसाचा तुकडा सगळ्या बाजूंनी सारखा भाजला जायचा. मोठा तुकडा भाजायला तासन्‌तास लागत, म्हणून पुष्कळदा दोन कुत्रे आळीपाळीने जुंपत. त्याआधी हे काम पोरं करत. पुढे घड्याळासारखी यंत्रं आणि धुरकांड्यातल्या गरम हवेवर फिरणारे पंखे आले, कुत्र्यांची गरज संपली आणि १९ व्या शतकात ती जातही नाहीशी झाली. चाकाला हात लावू नका आणि चुलीसमोरच्या टेबलावर कुणी जेवत असेल तर त्यांना विचारूनच फोटो काढा.

"१३६१ पासूनचा पब" असं लिहिलेलं असतं. खरं मानावं का?

जॉर्जच्या नावापुढे १३६१ हे साल नेहमी येतं. असं कुठलंही साल दिसलं की तीन प्रश्न वेगळे करून विचारा. इमारत कधीची? त्या जागी दारू विकणं कधीपासून? आणि आजचं नाव कधीपासून? तिन्हींची उत्तरं बहुधा वेगवेगळी निघतात, पण पाटीवर तिघांतलं सगळ्यात जुनं साल लागतं.

दुसरी चाळणी कायद्याची. देशभर लागू होणारी परवान्याची पद्धत १५५२ च्या कायद्याने सुरू झाली. तेव्हापासून न्यायाधीशांकडून परवाना घ्यावा लागू लागला. त्याआधीच्या सालाला "परवाना" हा शब्द आजच्या अर्थाने लावता येत नाही. तेव्हाच्या जहागिरींच्या न्यायसभांच्या नोंदींत फार तर अमुक बाईने एल, म्हणजे जुन्या पद्धतीची बिअर, करून विकली म्हणून दंड भरला, असं सापडतं. तो दंड म्हणजे एक प्रकारची फीच होती. म्हणून "इमारतीचा काही भाग १४ व्या शतकातला" हे विधान तपासता येतं. "तेव्हापासून अखंड चालू" हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. इंग्लंडात "सर्वात जुना पब" म्हणवणारे बरेच आहेत आणि सगळ्यांचं एकाच वेळी खरं असू शकत नाही.

इमारतीकडे नुसतं बघून वय ओळखता येतं का?

अंदाज बांधता येतो, पण दर्शनी भिंतीवरून नाही. १८ व्या शतकात जुन्या लाकडी घराला पुढून विटांचा नवा चेहरा लावायची पद्धत होती. रेड लायनचा विटांचा दर्शनी भाग त्या काळातला. म्हणून बाजूच्या बोळात शिरा, मागचं आवार बघा, छपराचा उतार बघा. समोरून सपाट, सरळ रेषेतल्या खिडक्या आणि मागे उतरतं, वाकडंतिकडं छप्पर असेल तर आतला सांगाडा जुना असण्याची शक्यता मोठी.

लाकडी सांगाड्यात सगळ्यात सोपी खूण म्हणजे दोन वाकड्या ओंडक्यांचा जमिनीपासून आढ्यापर्यंत गेलेला उलटा "व्ही". एकच वाकडं झाड उभं चिरून ही जोडी काढत. लेकॉकमध्ये एका घराच्या बाहेरच्या भिंतीतच ती दिसते. वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला असेल तर तोही साधारण १७ व्या शतकाच्या आधीचा नमुना. बुजवलेल्या खिडक्या दिसल्या की लोक लगेच खिडकीकराचं नाव घेतात. तो कर १६९६ ते १८५१ होता हे खरं, पण निम्म्या वेळा खिडकी बुजवण्याचं कारण आत नवा जिना किंवा भिंत आली एवढंच असतं. मोठी कमान दिसली तर तिथून घोडागाडी मागच्या तबेल्यात जायची. अशी कमान असेल तर ती मुक्कामाची खानावळ, नसेल तर बहुधा नुसतं बिअरघर.

नंतर घरी बसून इंग्लंडच्या वारसा यादीत त्या इमारतीची नोंद वाचा, ती इंटरनेटवर फुकट आहे. श्रेणी १, २ तारांकित आणि २ अशा तीन पायऱ्या असतात. मात्र जुन्या नोंदींपैकी बऱ्याच फक्त बाहेरून बघून केलेल्या आहेत, तेव्हा त्यातलं साल शेवटचा शब्द समजू नये.

पबची नावं आणि चित्रांच्या पाट्या यांचा अर्थ काय?

वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी चित्र. दुसऱ्या रिचर्डच्या काळात, १३९३ मध्ये, एल विकणाऱ्याने बाहेर खूण लावलीच पाहिजे असा हुकूम निघाला, म्हणजे तपासनीसाला दुकान सापडावं. एंजल हे नाव धार्मिक वळणाचं, जॉर्ज म्हणजे देशाचा संत, कारपेंटर्स आर्म्स म्हणजे सुतारांच्या धंद्याचं चिन्ह. तांबड्या सिंहाबद्दल दोन-तीन राजघराण्यांच्या कथा सांगतात. त्यातली एकही दर पबला लागू पडत नाही.

आत गेल्यावर काय करायचं? कुणी विचारायलाच येत नाही.

येणारही नाही. काउंटरवर जा, तिथेच सांगा, तिथेच पैसे द्या, पेला घेऊन टेबलावर या. काउंटरवर रांग नसते, पण कोण आधी आलं हे आतल्या माणसाला आणि आलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. हात वर करून हाका मारू नका, नोट हलवू नका. नजरेला नजर मिळाली की पुरे. जेवण सांगताना टेबलाचा नंबर लागतो, तो आधी बघून या.

गटात असाल तर एकेकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायची रीत आहे. स्वतः चार वेळा दुसऱ्याचं पिऊन आपली पाळी आल्यावर निघणारा माणूस लक्षात राहतो. पेयांवर टिप देत नाहीत. बसून जेवलात आणि बिलात सेवाशुल्क नसेल तर १० टक्के ठेवले तरी चालतात.

कोणती बिअर मागवावी? गार का नसते?

काउंटरवर जे उंच दांड्याचे पंप दिसतात त्यातून तळघरातल्या पिंपातली एल वर येते. ती पिंपातच शेवटची आंबत असते, वरून वायू भरलेला नसतो, आणि ११ ते १३ अंश सेल्सिअसला देतात. म्हणून ती कोमट वाटते. फार गार केली तर चव मरते. लेकॉकमध्ये जवळच्या डिव्हायझेस गावातल्या वॉडवर्थ या १८७५ पासूनच्या कंपनीची सिक्स एक्स बहुधा मिळते. पहिल्यांदा अर्धा पिंट घ्या. पिंट म्हणजे ५६८ मिलि. चाखायला घोटभर मागितली तर फुकट देतात, पण गर्दीच्या वेळी तीन-तीन चाखत बसू नका.

बिघडते कशी? ९ गॅलनच्या पिंपात ७२ पिंट असतात. पिंप उघडलं की आत हवा जाते आणि साधारण तीन दिवसांत ते संपायला हवं. ज्या पबात गिऱ्हाईक चार आणि पंप सहा, तिथे कुठलं तरी पिंप शिळं असणारच. म्हणून "आज सगळ्यात जास्त काय जातंय?" हा प्रश्न विचारा. व्हिनेगरचा वास आला तर ती शिळी. गढूळ आणि खमिराचा चरचरीत स्वाद आला तर पिंपाच्या तळाचा गाळ आला आहे. काही बिअर मुद्दामच गढूळ ठेवतात, तेव्हा आधी विचारा. खराब असेल तर एक-दोन घोटांतच परत नेऊन शांतपणे सांगा, बदलून देतात. अर्धा पेला संपवून केलेली तक्रार कुणी ऐकत नाही.

व्हिस्की-रम २५ किंवा ३५ मिलिच्या मापाने मिळते. आपल्याकडच्या ३० आणि ६० चा हिशोब इथे चालत नाही. सायडर म्हणजे सफरचंदाची आंबवलेली दारू, सरबत नव्हे. या भागातली घरगुती वळणाची सायडर ६-७ टक्क्यांची असते, गोड लागते आणि उठून उभं राहिल्यावर कळते.

आम्ही शाकाहारी आहोत आणि काही जण पीत नाहीत. मग पबमध्ये जावं का?

जरूर. चहा-कॉफी, लिंबाचं सिरप घातलेला सोडा, एल्डरफ्लावरचं सरबत, बिनदारूची बिअर सगळीकडे मिळते आणि कुणी भुवया उंचावत नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र "शाकाहारी" या खुणेवर न थांबता पुढचे प्रश्न विचारा. चिप्स कशात तळता? काही ठिकाणी गोमांसाची चरबी वापरतात, काही ठिकाणी मासे आणि चिप्स एकाच तेलात. भाजलेले बटाटे कशात भाजलेत? बदकाची किंवा गाईची चरबी असू शकते. ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसाची असते. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. यॉर्कशर पुडिंग आणि स्टिकी टॉफी पुडिंग दोन्हींत अंडं असतं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती : १४ अॅलर्जींची माहिती प्रत्येक पदार्थासाठी देणं कायद्याने बंधनकारक आहे. ती यादी मागा. अंडं, दूध, मासे त्यात कळतात. पण चरबी आणि जिलेटिन अॅलर्जीत मोडत नाहीत, ते तोंडीच विचारावं लागतं. आणि पिणाऱ्या शाकाहाऱ्यांना सहसा माहीत नसलेली गोष्ट : पिंपातली एल निवळण्यासाठी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. गाळ खाली बसतो तसा तोही खाली बसतो आणि अॅलर्जी यादीत त्याला सूट आहे, म्हणून तो लिहिलेला नसतो. चालणार नसेल तर "व्हीगन" अशी खूण असलेली घ्या.

मुलं आणि वयस्कर मंडळी चालतात का?

मुलं मोठ्यांबरोबर चालतात, पण रात्री ८-९ नंतर काही पब नको म्हणतात. दारू १८ वर्षांखाली विकत नाहीत. १६-१७ च्या मुलांना टेबलावरच्या जेवणाबरोबर मोठ्या माणसाने घेतलेली बिअर, वाइन किंवा सायडर पिता येते, तरी नको म्हणण्याचा अधिकार मालकाला आहे. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतील, आणि भारतातलं आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट लागतो. जुन्या इमारतींत उंच उंबरे, ठेंगणी दारं आणि उतरत्या दगडी फरशा असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी दाराजवळचं टेबल मागावं. कुत्रे आत येतात, भीती वाटत असेल तर आधीच सांगा.

एक पिंट पिऊन गाडी चालवली तर?

चालवणाऱ्याने घेऊच नये. रक्तातलं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं वाढतं, त्यामुळे "एक चालतं" हा हिशोब कुणालाच करता येत नाही. ४ टक्क्यांचा एक पिंट म्हणजे सुमारे २.३ युनिट (युनिट हे इथलं दारू मोजायचं माप), आणि शरीर तासाला साधारण एक युनिट उतरवतं. रात्री उशिरा संपवलेली दारू सकाळीही अंगात असते. परदेशी परवान्यावर चालवणाऱ्यांनाही तोच कायदा.

एखाद्या पबचा इतिहास स्वतः शोधायचा असेल तर सुरुवात कुठून?

आजपासून मागे जा, जुन्या काळापासून पुढे येऊ नका. आधी जुने मोठ्या प्रमाणाचे सर्वेक्षण नकाशे बघा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही नकाशे फुकट आहेत. इमारतीवर "पी.एच." म्हणजे पब किंवा "इन" असं छापलेलं असतं. मग व्यापारी निर्देशिका. १९ व्या शतकातल्या पिगट आणि केली यांच्या बऱ्याच निर्देशिका लेस्टर विद्यापीठाने खुल्या केल्या आहेत. गाव काढलं की पबचं आणि मालकाचं नाव मिळतं. त्या नावावरून १८४१ ते १९२१ ची जनगणना. १९३१ ची जळाली आणि १९४१ ला झालीच नाही, तेव्हा तिथे १९३९ ची नोंदवही वापरावी लागते. कुणाची इमारत, केवढ्या किमतीची, खोल्या किती, हे १९१० च्या जमीन-मूल्यांकनाच्या वह्यांत असतं, त्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १८३६ नंतरचे दशांश-कराचे नकाशे मालक आणि कूळ दोन्ही सांगतात. त्याहून मागे १८ व्या शतकातली परवानाधारकांची हमीपत्रं, ती काउंटीच्या अभिलेखागारात.

अडतं कुठे? पहिलं म्हणजे मालकाचा दुसरा धंदा. दिवसा सुतारकी किंवा शेती, संध्याकाळी पब. जनगणनेत तो "सुतार" म्हणून येतो आणि तुम्ही पब नव्हताच असं समजता. दुसरं, १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरून कुणालाही घरात बिअर विकायचा परवाना मिळू लागला. ही बिअरघरं निर्देशिकेत नावाशिवाय, नुसती "बिअर विक्रेता" म्हणून येतात. तिसरं, नाव तेच पण इमारत वेगळी. गावात घरांना नंबर नसत, म्हणून जनगणनेचा मोजणीदार कुठल्या क्रमाने चालला ते शेजारच्या घरांवरून जुळवावं लागतं. जुनी वर्तमानपत्रंही बघा. लिलाव, शेतकऱ्यांची जेवणं, आणि संशयास्पद मृत्यूची चौकशीसुद्धा १९ व्या शतकात पबमध्येच व्हायची, कारण गावात तेवढी मोठी खोली दुसरी नसे.

अभिलेखागारात जाताना काय न्यावं?

विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटर, म्हणजे चिपेनहॅमचं काउंटी अभिलेखागार, आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, वेळ आधी बघा आणि कागद आधी मागवून ठेवा. नाव-पत्त्याचा पुरावा लागतो. पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. पिशवी, पाणी, खाणं बाहेर. फोटो काढायला परवानगी आणि बहुधा शुल्क लागतं. दिवसाला एकच प्रश्न ठेवा, "गावाचा सगळा इतिहास" मागितला तर काहीच हाती लागत नाही.

फोटोग्राफीचा जन्म इथे झाला म्हणतात. त्याचा मुंबईशी काही संबंध?

हेन्री फॉक्स टॅल्बट मठाच्या वाड्यात राहत. ऑगस्ट १८३५ मध्ये त्यांनी दक्षिणेकडच्या जाळीदार खिडकीचं चित्र कागदावर उमटवलं, ते आज उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं निगेटिव्ह. आकार टपालाच्या तिकिटाएवढा, तरी भिंगातून सुमारे २०० काचा मोजता येत, असं त्यांनीच लिहून ठेवलं. ती खिडकी वाड्यात जागेवर आहे, समोर उभं राहता येतं. एका निगेटिव्हवरून कितीही प्रती, ही पद्धत इथली. दोन दशकांच्या आत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. मराठी माणसाने ही खिडकी चुकवू नये ती यासाठी.

गावात फिरताना काय टाळावं?

ही घरं संग्रहालयं नाहीत, आत भाडेकरू राहतात. खिडकीतून डोकावणं, दाराच्या पायरीवर बसून फोटो काढणं, बागेत शिरणं टाळा. ड्रोन नॅशनल ट्रस्टच्या जागेवर उडवता येत नाही. पबच्या बाहेर रात्री मोठ्याने बोलू नका, पलीकडच्या भिंतीला लागून कुणाचा तरी पलंग असतो.

दिवस उरला तर जवळपास आणखी काय?

एव्हन नदीवरचा जुना पूल ओलांडून बाउडन हिलकडे पायी जा. वाटेत जुन्या कालव्याच्या धक्क्यापाशी बेल हा पब आहे आणि टेकडीवर रायझिंग सन, तिथून खालचं सगळं खोरं दिसतं. चढ आहे, आणि रस्त्याला काही भागात पदपथ नाही, म्हणून अंधार पडायच्या आत उतरा. पावसानंतर नदीकाठची शेतं पाण्याखाली जातात, तेव्हा शेतातली पायवाट सोडून रस्ता धरा. गाडी असेल तर पूर्वेला एव्हबरी. तिथला रेड लायन सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दगडी वर्तुळाच्या आत उभा आहे. लेकॉक आणि एव्हबरी एकाच दिवशी करायचं तर एव्हबरी सकाळी घ्या, कारण दगडांवर तेव्हा तिरकं ऊन असतं आणि लेकॉकचे पब संध्याकाळी ६ नंतर जास्त चांगले लागतात.